वसईविजेते चिमाजी अप्पा

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे व तो स्तुत्यही आहे. परंतु या प्रघाताबरोबर एक मोहही येतो. चरित्रनायक आपल्या ज्ञातीचा असला तर त्याचे गुण दुप्पट करून सांगावेत, आणि नसला तर त्याच्या पराक्रमात आपल्या पूर्वजांचा वाटा किती होता याचीच मोजदाद करीत बसावे, असा तो मोह. वसईच्या मोहिमेविषयी हे विशेषच घडते. ठाणे, साष्टी, वसई, माहीम या टापूत अशी ज्ञाती क्वचितच सापडेल, की जिच्यातील चार-दोन घराण्यांत आपला मूळ पुरुष अप्पांबरोबर वसईच्या तटावर चढल्याची आठवण सांगितली जात नाही. आमच्या ज्ञातीतही अशी घरे आहेत. त्या आठवणी खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या पुरुषाच्या नावाने ही आठवण सांगावयाची, त्याचे चरित्र त्या घरांतून ठाऊक असतेच असे नाही. वसई आणि चिमाजी अप्पा हे दोन शब्द जोडीने उच्चारले, की आमचे ज्ञान बहुधा संपते. म्हणून यंदा या पृष्ठांत ते चरित्र सांगण्याचे योजिले आहे.

चिमाजी अप्पांचा जन्म १७०७ च्या सुमाराचा. पिता पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ, माता राधाबाई. थोरले बंधू बाजीराव त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठे. भिऊबाई व अनूबाई या दोन भगिनी. पैकी भिऊबाई बारामतीकर जोशी यांच्या घरी व अनूबाई इचलकरंजीकर घोरपडे यांच्या घरी दिल्या होत्या. अनूबाईंचे यजमान व्यंकटराव पुढे याच मोहिमेत एका महत्त्वाच्या ठिकाणी येणार आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१७२० च्या एप्रिलात बाळाजी विश्वनाथ सासवड येथे वारले व छत्रपती शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे विशीतल्या बाजीरावांस दिली. अप्पा तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. तेथून पुढची वीस वर्षे दोघा बंधूंनी जो संसार केला, तो राज्याचा संसार होता. बाजीराव घोड्यावर आणि अप्पा घोड्यावर नसतील तेव्हा साताऱ्यास, अशी स्थूलमानाने त्याची वाटणी होती. थोरल्या बंधूंचा स्वभाव तापट, चाल वेगवान. दरबारातील मानकऱ्यांची मने सांभाळीत बसणे त्यांस जमत नसे. ते काम अप्पांकडे आले. महाराजांची मर्जी राखणे, रुसलेल्या सरदारांची समजूत काढणे, सावकारांचे देणे पुढे ढकलणे, आणि बंधूंच्या फौजेस वेळेवर पैसा पोहोचविणे ही कामे अशी आहेत, की ती नीट झाली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत. मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको. घरातील एक भाऊ नाव मिळवितो, तेव्हा दुसरा कोणी तरी घर चालवीत असतो.

तथापि अप्पा केवळ कारभारी होते असे समजणे चुकीचे होईल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेरा येथे त्यांनी उदाजी पवारांसह मोगल सुभेदार गिरधर बहादूर याच्या फौजेचा मोड केला. त्या लढाईत गिरधर बहादूर व त्याचा भाऊ दया बहादूर हे दोघेही पडले. माळवा मराठ्यांस मोकळा होण्याचा आरंभ येथून झाला. या वेळी अप्पांचे वय एकवीस-बावीस वर्षांचे होते. पुढे १९ एप्रिल १७३६ रोजी कुलाबा प्रांतात रेवसनजीक त्यांनी सिद्दी सात यास गाठून ठार केले. हाच सिद्दी सात काही वर्षांपूर्वी चिपळूणजवळील परशुरामाच्या देवस्थानास उपद्रव देणारा होता. त्यामुळे पेशवे घराण्याचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांस या विजयाचा अत्यंत संतोष झाला. हे सर्व करीत असता अप्पांची प्रकृती मात्र कधीच धड नव्हती. खोकल्याची व्यथा त्यांस जन्मभर पुरली. घरातही स्वस्थता नव्हती: १७३० च्या ऑगस्टात पुत्र सदाशिव जन्मला आणि लवकरच त्याची माता रखमाबाई वारली. ते पोर आजी राधाबाईंच्या मांडीवर वाढले.

आता वसईकडे वळू.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिच्या भोवतीचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. तेव्हापासून दोनशे वर्षे डहाणू-दमणपासून चौलपर्यंतची किनारपट्टी, मधली मुंबई वगळता, बहुतांशी त्यांच्या अमलाखाली राहिली. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांच्या राजाकडे गेली होती. या प्रांतास आपले लोक फिरंगाण म्हणत. वसई ही त्याची राजधानी. दगडी तटाच्या आत देवळे, मठ, वाडे, न्यायकचेरी, रुग्णालय असे ते एक पुरे युरोपीय शहरच होते. भोवती भाताची खाचरे, मिठागरे, ताडामाडाच्या वाड्या व इमारती लाकडाचे रान. आणि खाड्यांच्या तोंडाशी जकातीची ठाणी.

पेशव्यांचे राज्य कल्याण-भिवंडीपर्यंत येऊन या प्रांतास भिडले होते. दोन राज्ये अशी खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर आली, की भांडणास कारण शोधावे लागत नाही. या युद्धाची कारणे सांगताना आमच्याकडे बहुधा एकाच कारणावर भर दिला जातो, तो म्हणजे धर्मच्छळ. तो छळ काल्पनिक नव्हता. मंदिरे पाडली गेली होती, उघडपणे धर्मकृत्ये करण्यास मनाई होती, पोरक्या मुलांस ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे कायदे होते आणि गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोहोचत असे. वेठबिगार होती, ती वेगळी. या जाचास कंटाळून जी माणसे घाट चढून पुण्यास गेली, त्यांत मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे व भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक यांची नावे इतिहासात राहिली आहेत. चिंचवडच्या देवसंस्थानात जाऊन आशीर्वाद मागावा, पेशव्यांच्या दाराशी खेटे घालावेत, पुन्हा खाडी उतरून गुप्तपणे बातमी आणावी, असे गंगाजी नाइकांनी वर्षानुवर्षे केले. साष्टीच्या बखरीत त्यांच्या घराण्याची ही हकीकत आहे. घराण्याच्या हकीकतीत घराण्याच्या मूळ पुरुषास अग्रपूजा मिळावी हे स्वाभाविक होय; ती वाचताना इतिहासाच्या वाचकाने थोडे तारतम्य ठेवावे, एवढेच.

परंतु धर्मच्छळ हेच एक कारण होते असे मानले, तर तो छळ दोनशे वर्षे चालू असता स्वारी १७३७ मध्येच का झाली, याचे उत्तर देता येत नाही. उत्तर असे आहे, की कल्याण प्रांत हाती आला होता, सिद्दीचे बळ मोडले होते, आंग्र्यांच्या दोन भावांपैकी मानाजी पेशव्यांच्या बाजूस होता, आणि समुद्रकिनाऱ्यावाचून व बंदरांवाचून कोकणचे राज्य अपुरे आहे हे दोन्ही बंधूंस कळून चुकले होते. पेशव्यांस हा मुलूख हवा होता. प्रजेची हाक खरी होती आणि राज्यविस्ताराची इच्छाही तितकीच खरी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच मनात असू शकतात, आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही, असे आमचे मत आहे. उद्या दुसऱ्या कोणा राष्ट्राने शेजाऱ्याचा प्रदेश घेतला, तर आपण त्याच्या घोषणेकडे न पाहता त्याच्या जमाखर्चाकडे पाहतो. तोच न्याय आपल्या पूर्वजांसही लावावयास नको काय?

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज तेव्हा बांधीत होते. तो पुरा झाला असता तर खाडी कायमची बंद झाली असती. तो अपुरा असतानाच, मार्च १७३७ च्या अखेरीस, मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून साष्टी बेटावर पाऊल ठेविले. किल्ल्यातील शिबंदीने पहिले हल्ले परतविले; परंतु उत्तर प्रांताचा पोर्तुगीज सेनापती लुईज बोतेल्यो याचा धीर सुटला व तो जलमार्गाने निघून गेला. ठाणे पडले आणि पाठोपाठ साष्टी गेली. या आरंभीच्या यशाने पुण्यास जो उत्साह आला, त्यावरून वसई आता चार महिन्यांची पाहुणी आहे असे सर्वांस वाटले असावे. प्रत्यक्षात दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत काय झाले, ते सविस्तर सांगण्याचे कारण नाही. पावसाळ्यात वेढा चालत नसे. १७३७ च्या अखेरीस बाजीराव निजामाशी भोपाळास गुंतले, तेव्हा निजामाच्या मुलाने दक्षिणेतून कुमक नेऊ नये म्हणून अप्पांस खानदेशात अडून राहावे लागले. १७३८ च्या प्रारंभी केळवे-माहीमचा वेढा मराठ्यांस नुकसान सोसून उठवावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस पेद्रो द मेलो हा नवा सेनापती ठाणे परत घेण्यासाठी आरमारासह खाडीत शिरला आणि तोफेचा गोळा लागून पडला. या हल्ल्याची आगाऊ सूचना मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांस दिली होती, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. इंग्रजांचे या युद्धातील वर्तन पाहता तो अशक्य वाटत नाही.

१७३८ च्या अखेरीस मात्र अप्पा स्वतः कोकणात उतरले आणि मोहिमेचे रूप पालटले. त्यांनी प्रथम वसईस हात घातला नाही. आधी उत्तरेकडची ठाणी घ्यावयाची, म्हणजे वसईस जमिनीवरून अन्न अगर माणूस मिळणार नाही. आणि त्याच वेळी गोव्यावर दबाव आणावयाचा, म्हणजे समुद्रावरून कुमक निघणार नाही, असा तो बेत होता. गोव्याकडील कामगिरीवर मेहुणे व्यंकटराव घोरपडे होते. जानेवारी १७३९ मध्ये त्यांनी मडगाव घेऊन राचोलच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा व्हाइसरॉय सांदोमिलचा कोंद याची अशी अवस्था झाली, की वसई वाचवावी की राजधानी, हाच प्रश्न त्याच्यापुढे पडला. मोठ्या कुमकेची आशा वसईकरांस त्याच क्षणी सोडावी लागली. वसईच्या विजयाचा अर्धा पाया गोव्याच्या साष्टीत घातला गेला हे पुष्कळदा विसरले जाते.

उत्तरेकडे जानेवारीच्या त्या एका महिन्यात माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली. तारापूर सहज आले नाही. तटास भगदाड पाडून, शिड्या लावून, हातघाईने ते घ्यावे लागले, आणि तेथे बाजी भीवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार गोळी लागून ठार झाला. त्याच्या मातेस पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले, त्याचा आशय असा, की गेलेल्या पुत्राच्या ठिकाणी आता आपणांस मानावे. मराठी पत्रव्यवहारात राज्यकारभाराचे कागद पुष्कळ आहेत. असे कागद थोडे.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईस वेढा पडला. किल्ल्याची जागा अशी, की दोन अंगांस खाडी व समुद्र, एका अंगास दलदल, आणि उत्तरेकडून तेवढी कोरडी, वाळूची वाट. म्हणजे हल्ला कोठून येणार हे आतल्यास पूर्ण ठाऊक. त्याच बाजूस दोन मोठे बुरूज होते, एक सेंट सेबास्तियनचा व दुसरा रेमेदियुस मातेचा. अप्पांनी मोर्चे खणीत, वाळूच्या पिशव्यांचे आडोसे करीत, इंचाइंचाने पुढे सरकण्यास सुरुवात केली. समुद्राच्या बाजूस मानाजी आंग्र्यांची गलबते होती. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हेही सैन्यासह येऊन मिळाले. शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर व कावळे, अंजूरकर यांसारखी स्थानिक माणसे तर प्रारंभापासून होतीच.

येथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध केले, त्यांत या मोहिमेचा पत्रव्यवहार आहे. तो वाचावयास घेणाऱ्याची अपेक्षा वीरश्रीची असते आणि हाती लागतो तो बहुतेक दारूगोळ्याचा, पगाराचा, होड्यांचा व धान्याचा हिशेब. दारू कमी पडली, शिसे पाठवा, गोलंदाज चांगला नाही, अमुक पथकाचे पैसे थकले, बेलदार हवेत. आम्हांस तर असे वाटते, की चिमाजी अप्पांचे खरे चरित्र याच रुक्ष मजकुरात आहे. वसई एका दिवसाच्या शौर्याने मिळाली नाही. मिळाली ती कोणी तरी प्रत्येक पिंपभर दारूची विचारपूस केली म्हणून. आणि ज्या होड्यांतून हे सामान खाड्या ओलांडून आले, त्या होड्या वल्हविणाऱ्या कोळी-भंडारी माणसांपैकी बहुतेकांची नावे एकाही कागदावर नाहीत. मूळ पुरुषाच्या पराक्रमाची सनद ज्या घराण्यांजवळ नाही, त्यांनी म्हणून खिन्न होऊ नये.

किल्ल्यातील लोकही तितक्याच निकराने लढले. त्यांचा सेनापती मार्तिन्यो द सिल्वेरा वेढ्यातच मारला गेला. अन्न आटले, शिबंदीचा पगार थकला, दारू संपत आली. मुंबईकरांनी त्यांस थोडे कर्ज दिले, तेही देवळातील चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. धर्मबंधूंच्या संकटात तारण मागणाऱ्या या व्यापारी बुद्धीचे नवल करावे तितके थोडे.

एप्रिल सरला. पाऊस तीन-चार आठवड्यांवर आला. पाऊस पडला म्हणजे मोर्च्यांत पाणी, सुरुंगांत पाणी, आणि पावसाळ्यानंतर गोव्याहून अगर पोर्तुगालहून गलबते येण्याचा संभव. दुसरीकडे त्याच वर्षी नादिरशहाने कर्नाळ येथे मोगल बादशहाचा पराभव करून दिल्ली लुटली होती; तो दक्षिणेकडे वळला तर त्यास तोंड देण्यासाठी बाजीरावांस प्रत्येक पथक हवे होते, आणि निम्मी फौज तर वसईच्या वाळूत अडकलेली. अप्पांवरील हा भार लक्षात घेतला, म्हणजे त्यांच्याविषयीच्या त्या प्रसिद्ध आख्यायिकेचा अर्थ कळतो. वसई हाती येत नसेल तर निदान आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन तटाच्या आत उडवावे, असे त्यांनी आपल्या सरदारांस सांगितले म्हणतात. ते शब्द त्यांच्या मुखातून निघालेच असतील असे आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. पण असे शब्द या माणसाच्या नावावर चिकटले आणि लोकांस ते पटले, यात त्या दिवसांच्या मनःस्थितीचे चित्र आहे. याच सुमारास त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला व तो पुढे मंदिर बांधून फेडण्यात आला.

१३ मे १७३९ च्या सुमारास तटाखालचे सुरुंग पेटविण्यात आले. सर्वच सुरुंग एकदम उडाले नाहीत. काही उडाले, भगदाड पडले, मराठे आत घुसले, आणि मागे राहिलेले सुरुंग त्यानंतर उडून खुद्द हल्ला करणारेच शेकड्यांनी त्याखाली गाडले गेले. मागून आलेले त्यांच्यावरून पुढे गेले. भगदाडात दोन दिवस झुंज चालली. अखेर सेंट सेबास्तियनचा बुरूज मराठ्यांच्या ताब्यात आला आणि आतील शहराचा बचाव अशक्य झाला. १६ मे रोजी कायतान द सोझा परेरा या अधिकाऱ्याने शरणागतीच्या अटींवर सही केली.

या अटींकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. शत्रूच्या शिबंदीने शस्त्रे, निशाणे व वाजंत्री यांसह मानाने बाहेर पडावे. कुटुंबे व चीजवस्तू नेण्यास आठ दिवसांची मुदत. ज्यांस राहावयाचे असेल त्यांनी राहावे व आपला धर्म पाळावा. तीन ठिकाणी त्यांची प्रार्थनामंदिरे कायम राहतील. ज्या युद्धात धर्मच्छळाचा एवढा बोभाटा होता, ज्यात आपली शेकडो माणसे नुकतीच सुरुंगांखाली गेली होती, त्या युद्धाच्या शेवटी जेत्याने या अटी दिल्या आणि पाळल्या. २३ मे रोजी पोर्तुगीज शहर सोडून गेले. विजयाचे वर्तमान ब्रह्मेंद्रस्वामींस कळविताना अप्पांनी शत्रूच्या शौर्याची वाखाणणी करण्यात कसूर केली नाही. पराभूत सेनापतीच्या स्त्रीस सन्मानाने परत पाठविल्याची जी कथा त्यांच्या नावे सांगतात, तिला कागदोपत्री आधार असो वा नसो. या अटी तर कागदावर आहेत, आणि अप्पांच्या थोरवीस त्या पुरेशा आहेत.

मराठ्यांच्या स्वतःच्या कबुलीप्रमाणे वेढ्यात पाच हजारांहून अधिक माणूस मेले वा जखमी झाले; पोर्तुगीजांकडील आकडा आठशेचा. काही वृत्तांतांत मराठ्यांची हानी याहून कितीतरी मोठी दिली आहे. मोबदल्यात सुमारे ३४० गावे, बंदरे, किल्ले असा सारा फिरंगाण प्रांत आला. शंकराजी केशव यांच्याकडे त्याची सरसुभेदारी गेली. देवळांतील घंटा हत्तींवर घालून घाटावर नेण्यात आल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास, वाईजवळ मेणवलीस त्या अद्याप आहेत. मोठ्या आवाजाच्या माणसास नाशिककर नारोशंकराची घंटा म्हणतात, तेव्हा तो वसईचाच आवाज असतो! अटीप्रमाणे मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील, तर तिचे वंशज वसईतच आहेत, मराठीतच बोलतात-लिहितात. त्यांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

मुंबईकर इंग्रजांनी मात्र वेळ दवडला नाही. शहराभोवती खंदक खोदण्यास व्यापाऱ्यांकडून पैसा जमविला, आणि त्याच १७३९ च्या जुलैमध्ये कप्तान इंचबर्ड यास वसईस पाठवून अप्पांशी व्यापाराचा तह केला. अप्पांनी मुंबई का घेतली नाही, असा प्रश्न आजकाल सहज विचारला जातो. ज्याने दोन वर्षे आणि पाच हजार माणसे एका किल्ल्यासाठी खर्चिली होती, आणि ज्याचे आरमार आंग्र्यांकडून उसने आणलेले होते, त्याला हा प्रश्न आपण पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर खुर्चीत बसून विचारू नये. इंग्रजांनी साष्टी १७७४ मध्ये घेतली, ती कायमची. आणि ज्या वसईत अप्पांनी शत्रूस अटी घातल्या, तेथेच त्यांच्या बंधूंचा नातू दुसरा बाजीराव याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांच्या अटींवर सही केली.

वसईनंतर अप्पांस दीड वर्षाचेच आयुष्य लाभले, आणि ते सुखाचे नव्हते. घरात मस्तानीचा प्रश्न विकोपास गेला होता. १७३९ च्या अखेरीस व पुढील वर्षाच्या आरंभी, बाजीराव नासिरजंगावरील स्वारीत असता, मस्तानीस पुण्यात कैदेत ठेवण्यात आले. त्यात अप्पांचा व पुतणे नानासाहेबांचा हात होता. कुलाची अब्रू, लोकापवाद, मातुःश्रींचा आग्रह ही कारणे सांगितली जातात. आम्हांस ती पटत नाहीत. पराभूत शत्रूच्या स्त्रियांस सुरक्षित वाट देणाऱ्या पुरुषाने आपल्याच भावाच्या घरातील स्त्रीस कोंडून ठेवावे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही व तिचे समर्थनही करता येत नाही. ज्ञातीची व कुळाची प्रतिष्ठा या नावाखाली चांगली माणसेही काय करतात, याची उदाहरणे शोधण्यास आपणांपैकी कोणासही इतिहासात फार मागे जावे लागू नये.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. अप्पा व नानासाहेब तेव्हा कुलाब्याकडे मानाजी आंग्र्यांच्या साहाय्यास गेले होते. दोघा बंधूंची अखेरची भेट झाली नाही. पेशवाईची वस्त्रे कोणास द्यावीत यावर साताऱ्यास खल सुरू झाला. बारामतीकर बाबूजी नाइकांचे नाव रघूजी भोसल्यांनी पुढे केले. राज्यात ज्याच्या शब्दास या वेळी सर्वांत वजन होते, तो पुरुष अप्पा. वय तेहतीस-चौतीस, वसईचा यशस्वी सेनापती, वीस वर्षांचा कारभारी. त्यांनी वस्त्रे स्वतःसाठी मागितली नाहीत. एकोणीस वर्षांच्या पुतण्यास साताऱ्यास नेऊन त्यांनी ती त्यास देवविली. तेहतीस वर्षांनी याच घराण्यात दुसऱ्या एका काकाने पुतण्याशी कसे वर्तन केले, ते वाचकांस ठाऊक आहे.

त्यानंतरचे महिने आजारात व कामात गेले. पोर्तुगीजांशी राहिलेले बोलणे पुरे होऊन त्याच वर्षी रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आली. १७ डिसेंबर १७४० रोजी चिमाजी अप्पांचा अंत झाला. द्वितीय पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यास मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या आवारात अप्पांची समाधी आहे. देवदर्शनास येणाऱ्यांपैकी फार थोडे तिच्यापाशी थांबतात. आठ महिन्यांत दोन्ही पुत्र गेलेल्या राधाबाई त्यानंतर बारा-तेरा वर्षे जगल्या. सदाशिव तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि तो त्यांच्याजवळच राहिला.